पाटावर नसलेला पितळी हूक

मित्रांनो, मी एक जुना पितळी हूक आहे. लांबीला वीतभरही नाही. एक टोक चोचीसारखं वळलेलं, मूठ लाकडाची. जिथे माणसाचं बोट शिरत नाही तिथे शिरायचं आणि अडकून बसलेली रबरी रिंग, सील, क्लिप अलगद बाहेर काढायची, हे आम्हा हुकांचं काम. हातोड्यासारखा आमचा आवाज होत नाही, म्हणून आमची आठवणही कुणाला राहत नाही. आज मात्र मी बोलणार आहे, आणि थोडं फुशारकीनेच बोलणार आहे. तेवढं चालवून घ्या.

नाशिकला पेठ नाक्याजवळ हिरामण मिस्त्रींचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मिस्त्री हत्यार घ्यायला निघाले की दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ते जाताना बोटांना मुद्दाम तेल लावून जात. तेलकट हातातून मूठ निसटते का ते पाहायचं असे त्यांना. मग हूक काउंटरवर आडवा ठेवून ढकलायचे. गोल मुठीचा असला की तो गडगडत खाली जाई आणि मिस्त्री मान हलवत. टोक नखावरून फिरवून ते खरखरतं का बघायचे. शेवटी लाकडाच्या फळीला टेकवून थोडं दाबायचे आणि दुकानदाराला म्हणायचे, "तुटलं तर तुमचं, वाकलं तर तुमचं, टिकलं तर माझं."

अशा परीक्षेतून ढिगातले चारच पोलादी हूक पास झाले. एक सरळ सुईसारखा, एक काटकोनात वळलेला, एक अर्धगोल आणि एक गळासारखा पुरता वळलेला. दुकानदार डझनाचा संच घ्या म्हणून मागे लागला होता. "बारा घेऊन आठ गंजवण्यापेक्षा चार घेऊन चारही झिजवीन," असं म्हणून मिस्त्री उठले.

मी त्या चारांतला नव्हे. मी बाजारात मिळतच नव्हतो. डिस्क ब्रेकच्या गाड्या आल्या तेव्हा मिस्त्रींच्या लक्षात आलं की ब्रेकची चकती दाबून धरणारं कॅलिपर मऊ अ‍ॅल्युमिनियमचं असतं. त्याच्या आतल्या खाचेत रबराची सील बसलेली असते. पोलादी टोक तिथे जरा जरी घसरलं, तरी खाचेला ओरखडा पडतो. मग नवी सील घातली तरी त्या ओरखड्यातून ब्रेक ऑइल झिरपतं, आणि ऐन वेळी ब्रेक दगा देतो. म्हणून मिस्त्री जुन्या स्टोव्हची पितळी दांडी घेऊन तांबट आळीत गेले. तिथे मला तापवलं, वळवलं आणि गार झाल्यावर ठोकून माझ्यात थोडा ताठा आणला. तो ताठा अजून गेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ते दिवस फार सुखाचे होते. मिस्त्री गाडीखालून नुसता हात बाहेर काढून म्हणायचे, "पितळी दे." खंडेनवमीला त्यांच्या पत्नी कुसाबाई सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू वाहायच्या, तेव्हा मिस्त्री मला स्वतःच्या हाताने पुढच्या रांगेत ठेवायचे. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही, ही त्या घरची रीत. वर्षभर राबलेल्या लोखंडाला तेवढीच विश्रांती.

मग मिस्त्री वारले. दुकान त्यांच्या मुलाकडे, शेखरकडे आलं. शेखर हुशार आहे, हात चलाख आहे, पण त्याला सगळं झटपट लागतं. त्याने मोबाइलवरून बारा हुकांचा संच मागवला. रंगीबेरंगी मुठी, झिपची पिशवी, काय तो थाट! उगाच नावं ठेवत नाही, त्यातला नारिंगी मुठीचा हूक खरोखर चांगल्या पोलादाचा निघाला. बाकीच्यांची मात्र उडाली त्रेधा. एकाची मूठ जागच्या जागी फिरू लागली, एकाचं टोक सीलमध्येच मोडून राहिलं. माझ्यावर एकदा घाईत जोर लावला तेव्हा मी जरा वाकलो. शेखर म्हणाला, "हा मऊच आहे," आणि मला खालच्या खणात टाकलं. तिथे जुने प्लग, गंजके नट आणि मी. मला फार वाईट वाटलं. मोडलेल्या हुकाला निदान भंगारात तरी मोल असतं, विसरलेल्याला तेही नसतं.

यंदाच्या खंडेनवमीला बाहेर पूजेची गडबड चालली होती. झेंडूचा वास खणापर्यंत येत होता, पण मला न्यायला कोणी आलं नाही. पूजा झाली आणि थोड्याच वेळात दारात मोटारसायकल थांबली. पेठकडच्या एका पाड्यावरचा चंदर होता तो. मागे त्याची आई कमळाबाई, डोळ्यावर हिरवी झापड लावून बसलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिला नुकतंच दवाखान्यातून सोडलं होतं.

"दादा, पुढचा ब्रेक लागतच नाय. ऑइल गळतंय," चंदर म्हणाला.

शेखरने खाली बसून पाहिलं. "कॅलिपरची सील गेलीय. पण आज जमणार नाही रे. पूजा झालीय, हत्यारं पाटावर आहेत."

"मग जातो तसाच. मागचा ब्रेक हाय ना."

"घाट उतरायचाय, येडा झाला का? तेही आईला मागे बसवून?"

कुसाबाई आतून बाहेर आल्या. "बसने जा की रे पोरा."

"पेठपस्तोर यष्टी हाय मावशी. पुढं पाड्याला चढ चढून जावं लागतं. डाक्टरनं तिला चढू नको, वाकू नको सांगलंय."

"मग रात्र इथं काढा. उद्या सकाळी करून देईल हा."

आता कमळाबाई बोलली. "उद्या सकाळी देवाला नव्या भाताचा निवद हाय, बाई. आमच्यात घरातल्या मोठ्या बाईनं द्यावा लागतो. तवर लेकरं नवा दाणा तोंडात घालत नाय."

 दुसऱ्याची रीत मोडा असं कुसाबाई कोणत्या तोंडाने सांगणार? आणि चंदरने तर किक मारायला पायही उचलला होता.

"थांब," शेखर म्हणाला. "तुझ्याकडे पाने आहेत?"

"शिटाखाली हायेत. पेंचिस, सुक्रू डायवर, समदं हाय. आमची पूजा उद्या असती."

म्हणजे चंदरची हत्यारं मोकळी होती. शेखरने त्याच्याच पान्यांनी कॅलिपर उतरवलं. ब्रेकचा दांडा दाबत दाबत आतला पिस्टन बाहेर आणला. नवी सील दुकानात होती. राहिली ती खाचेतली जुनी, कडक झालेली सील. ती काढायला चंदरच्या पिशवीत काहीच नव्हतं. शेखरने त्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्याचं टोक पातळ करायला फरशीवर घासू लागला.

खणाच्या फटीतून तो घासण्याचा आवाज मला ऐकू येत होता. आता ते पोलादी टोक त्या मऊ खाचेत जाणार होतं. मला हाक मारता आली असती तर मी ओरडलो असतो.

"अरे, ह्यांचा तो पितळी कुठाय?" कुसाबाईंनी विचारलं. त्या पाटाजवळ वाकल्या, फुलं बाजूला करून त्यांनी पाहिलं. "पाटावर नाही! तुझ्या बापाचं हत्यार पूजेला मांडलं नाहीस?"

शेखरची मान खाली गेली. "खालच्या खणात असेल. राहूनच गेलं, आई."

कुसाबाई रागाने खणाशी आल्या. प्लग-नटांतून त्यांनी मला वर काढलं आणि पदराने पुसलं. मग त्यांचा आवाज उतरला. "ह्याला हळदकुंकू लागलं नाही. म्हणजे ह्याला आज काम चालतं. घे. पण जोर लावू नकोस, ते लावत नसत."

मित्रांनो, मला त्या वेळी आनंद झाला नाही, भीती वाटली. मी कित्येक महिने काम केलं नव्हतं. शेखरने मला दोन बोटांत धरलं. सीलच्या कडेखाली टोक सरकवलं, थांबला, जरा फिरवलं. सील हलेना. त्याच्या मनगटात जोर येऊ लागला तसं माझं टोक वाकायला लागलं. त्याला ते बोटांना कळलं आणि त्याने हात सैल केला. ब्रेक ऑइलचे थेंब सोडले, दुसऱ्या बाजूने मला घातलं, आणि सील अळीसारखी वळून बाहेर आली. मागोमाग शेजारच्या खाचेतली, धूळ अडवणारी दुसरी सीलही. शेखरने खाचेवरून नख फिरवलं. ओरखडा नव्हता.

नव्या सील बसवून, ब्रेक ऑइल भरून झाल्यावर चंदर आईला घेऊन गेला. दिवस मावळायच्या आत त्याचा फोन आला. शेखरने तो आईला ऐकू जावा म्हणून मोठा केला.

"पोचलो दादा. घाटात वळणावर एकाएकी गुरं आडवी आली. लय जोरात दाबला ब्रेक. जागच्या जागी थांबली गाडी. म्हातारीला तर कळलंबी नाय."

फोन बंद झाल्यावर शेखरने मला हातात घेऊन पुसलं. मग म्हणाला, "आई, मी स्क्रू ड्रायव्हर घालत होतो गं."

कुसाबाईंनी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या हत्यार घ्यायला जाल, तर मुठीचा रंग आणि पिशवीतली संख्या बघून भुलू नका. हातात धरून पाहा, दाबून पाहा, आणि ज्या वस्तूला ते लागणार आहे तिला ओरखडा तर पडणार नाही ना, हे आधी बघा. घरी आणल्यावर त्याला जागा द्या, पुसून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हालाच आमची आठवण ठेवावी लागते.

आज दसरा आहे. सकाळी बाकीची हत्यारं पाटावरून उठून कामाला लागली. कुसाबाईंनी मला धुतलं, हळदकुंकू लावलं आणि रिकाम्या पाटावर एकट्याला ठेवलं. आत्ताच एक गिऱ्हाईक आलं, ब्रेकच्या सीलचंच काम घेऊन. शेखरने सवयीने हात पुढे केला, पाटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"उद्या या," तो म्हणाला. "आमच्या पितळीची आज सुट्टी आहे."