ओझेलाची साक्ष

सॅगिनॉच्या पूर्व भागात ओझेला प्रुइटला ओळखत नाही असं घर सापडणं कठीण. सत्तावीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली. आज बाप झालेली पोरंसुद्धा ती दिसली की आवाज खाली आणत. नवरा वॉर्डेल ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, छातीने अधू, स्वभावाने गरीब. बायको म्हणेल ती पूर्व दिशा. तो दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये साथीत गेला.

कुठून लागण झाली हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. मार्चच्या मधल्या शनिवारी चर्चचा डीकन, म्हणजे प्रार्थना सांगणारा मानकरी, थर्मन गॅडिस याने तिथल्या हॉलमध्ये आपल्या आईचा नव्वदावा वाढदिवस केला होता. थर्मन म्हणजे ओझेलाच्या थोरल्या बहिणीचा, बर्नेथाचा नवरा. तीसेक माणसं जमली. तळलेला कॅटफिश, मॅकरोनी, कॅरमेलचा तीन थरांचा केक. म्हातारी खुर्चीत राणीसारखी बसली होती आणि येईल त्याला छातीशी धरत होती. तीन आठवड्यांत चार माणसं गेली. ती म्हातारी, वॉर्डेल, आणि कॉयरमध्ये गाणाऱ्या दोघी बायका. थर्मन स्वतः अकरा दिवस हॉस्पिटलात काढून हाडांचा सापळा होऊन परत आला. ओझेलाने वॉर्डेलला शेवटचं पाहिलं ते एका नर्सने धरलेल्या फोनच्या काचेवर. पुरायला सहा माणसं, तीही लांब लांब उभी.

बर्नेथाने तेव्हा बहिणीचे हात धरले होते. "त्याला काही बोलू नकोस, ओझेला. जेवण टाकलंय त्याने. तू एक शब्द बोललीस तर तो माणूस पुन्हा उठायचा नाही."

"नाही बोलणार," ओझेला म्हणाली होती. आणि सहा महिने तिने तो शब्द पाळला.

सप्टेंबरमध्ये चर्चच्या यादीवरून फोन आले. निवडणूक जवळ आली होती. काळ्या मतदारांना साथीबद्दल आणि वॉशिंग्टनच्या कारभाराबद्दल काय वाटतं, ते कुणाला तरी ऐकायचं होतं. दोन तास गप्पा, वर दुपारचं जेवण. कुणाला ऐकायचंय, हे ओझेलाने विचारलं नाही. काळ्यांचं मत विचारतोय म्हणजे आपलाच पक्ष असणार, असं ती धरून चालली. मॉलजवळच्या हॉटेलातल्या खोलीत आठ खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, समोर दोन कॅमेरे. दारात एका कागदावर सही घेतली. तिने तो वाचला नाही. कुणीच वाचला नाही.

आत जाऊन बघते तर पलीकडच्या टोकाला थर्मन बसलेला. सूट अंगावर लोंबत होता. त्याने मान लववली, तिने लववली.

प्रश्न विचारणारी कॅरिस नावाची तरतरीत काळी मुलगी होती, अटलांटाहून आलेली. "इथे चूक-बरोबर काही नाही," ती गोड आवाजात म्हणाली. "मनात येईल ते बोला. साथीच्या काळात सरकार तुमच्याशी कसं वागलं?"

"वागायला भेटलं कुठे?" बायकांची केशभूषा करणारी फिलोमिना बॅट्स म्हणाली. "तपासणीचा तंबू आमच्या गल्लीत जूनमध्ये आला. नदीपलीकडे गोऱ्यांकडे एप्रिलमध्येच. मतं मागायची गाडी मात्र आमच्याकडे फेब्रुवारीतच येऊन गेली होती. कामापुरता मामा आहोत आम्ही, बाई."

लोक हसले. कोपऱ्यातला म्हातारा लूशस बीझ्ली हसवण्यासाठीच जन्मला होता. त्याने मास्क हनुवटीवर ओढला. "माझं सोपं आहे. एक पक्ष म्हणतो मरा. दुसरा म्हणतो मरा, पण आधी मत देऊन मरा. मी दुसऱ्याला देतो. निदान विचारतो तरी."

"डीकन गॅडिस, तुम्ही?" कॅरिसने विचारलं.

थर्मन आपल्या हातांकडे बघत बोलू लागला. "माझ्या आईने अलाबामात मतासाठी लाठ्या खाल्ल्या. मी अठरा वर्षांचा झाल्यापासून एकही निवडणूक सोडली नाही. या वेळी नाही देणार. कुणालाच नाही. वॉशिंग्टनमधला तो टीव्हीवर सांगत होता, काही नाही, उन्हं पडली की जाईल. आपल्या बाजूचेही गप्प होते. आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर..."

त्याचा आवाज फाटला. फिलोमिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅरिसने मान हलवली, आणि सगळी खोली त्या माणसासाठी हळहळली.

ती हळहळ ओझेलाच्या अंगाला निखाऱ्यासारखी लागली. वॉर्डेलसाठी अशी हळहळायला कुणाला सवड झाली नव्हती.

"काय म्हणालात, डीकन?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही?"

थर्मनने वर पाहिलं.

"तुमची रेनिता डेट्रॉइटला नर्स आहे. गुरुवारी तिने फोन केला होता ना? डॅडी, रद्द करा, इकडे माणसं पटापट आजारी पडतायत म्हणून रडली होती ना ती?"

"सिस्टर ओझेला..." लूशस चर्चमधल्या हाकेने हळूच म्हणाला.

"थांब जरा, लूशस." आणि मग तीस वर्षं ज्याला अहोजाहो केलं, त्याच्याशी ती एकेरीवर आली. "तुला सांगितलं होतं, थर्मन. पोटच्या पोरीने सांगितलं होतं. पण तुला मिरवायचं होतं. आईचा लाडका डीकन, तीन थरांचा केक. वॉशिंग्टनचं नाव कशाला घेतोस? वॉशिंग्टन आलं होतं का हॉलमध्ये फुगे लावायला? माझा नवरा तुझ्यामुळे गेला. तुझी आई तुझ्यामुळे गेली. तू मारलंस त्यांना, आणि वर रडतोस!"

कॅमेऱ्यामागचा माणूस उठून उभा राहिला होता. त्याने घाईघाईने कॅमेरा तिच्याकडे फिरवला.

थर्मन तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. ती नजर भिडली आणि त्याला काय आठवतंय ते ओझेलाला कळलं. रेनिताने त्या गुरुवारी पहिला फोन बापाला केलाच नव्हता. ओझेलाला केला होता. "मावशी, डॅडी तुझं ऐकतात. तू सांग त्यांना." आणि ओझेला म्हणाली होती, "अगं, नव्वद वर्षं काय दर साली होतात? हात धुऊ, काही होत नाही." शनिवारी वॉर्डेल खोकत होता. "मी घरीच थांबतो," म्हणाला होता. तिनेच त्याच्या निळ्या सुटाला इस्त्री केली, आणि हाताला धरून त्याला गाडीत बसवलं.

आता हा बोलेल, तिला वाटलं. आता सगळ्यांसमोर बोलेल.

"हो," थर्मन म्हणाला. "मला सांगितलं होतं."

एवढंच. मग त्याने डोळे मिटले.

"धन्यवाद," कॅरिस म्हणाली. "खूप प्रामाणिक बोललात दोघंही. आता मला सांगा, एक ते दहामध्ये, या साथीसाठी सरकार किती जबाबदार आहे?"

घरी आल्यावर ओझेलाने कोंबडी तळली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाहिरात आली. आधी फोनवर, मग टीव्हीवर, बातम्यांच्या आधी आणि नंतर. पडद्यावर ओझेलाचा चेहरा, रोखलेलं बोट. 'वॉशिंग्टनचं नाव कशाला घेतोस? माझा नवरा तुझ्यामुळे गेला.' मग एका पुसट केलेल्या चेहऱ्याचा आवाज. 'हो. मला सांगितलं होतं.' शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: 'आपलं घर आपण सांभाळावं. राजकारण्यांवर खापर फोडू नका.' ती तिच्या पक्षाची नव्हती. ज्यांच्या नावाने ती सहा महिने बोटं मोडत होती, त्यांच्या बाजूने कुणी तरी काढलेली होती. चेहरा पुसट केला म्हणून काय झालं? चाळीस वर्षं दर रविवारी प्रार्थना म्हणणारा आवाज वस्तीत कोण ओळखणार नाही?

ओझेलाने सही केलेल्या कागदाच्या प्रतीवरच्या नंबरला फोन केला. "तुम्ही माझ्या तोंडी भलतंच घातलंत!"

"एकही शब्द आम्ही घातलेला नाही, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला. "तुमचेच आहेत. सहीही तुमचीच आहे."

ती भांडायची तयारी करून रविवारी चर्चच्या अंगणात गेली. प्रार्थना तेव्हा बाहेरच होत असे. पण तिला भांडावं लागलंच नाही. कॉयरमधल्या मेलेल्या बाईची बहीण तिच्या गळ्यात पडून रडली. "कुणीतरी बोललं एकदाचं! आम्ही मनात ठेवून कुजत होतो." दुसरी म्हणाली, "जाहिरात कुणाची का असेना, खरं ते खरं." चर्चचे पाद्री रेव्हरंड मॅब्री यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. ओझेलाच्या मनातला संताप बघता बघता विरघळला, आणि त्या जागी काहीतरी गोड पसरलं. ती जरा ताठ चालू लागली.

थर्मनचं डीकनपण महिन्याभरात गेलं. कुणी काढलं नाही. 'तुम्ही जरा विश्रांती घ्या' असं सांगण्यात आलं. त्याच्या दारात कुणीतरी फुगे बांधून गेलं. नव्वद आकड्याचे, सोनेरी.

निवडणुकीच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेबाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. थंडी हाडांत शिरत होती. जमिनीवर सहा-सहा फुटांवर खुणा होत्या. ओझेला खुणेवर उभी होती, आणि चार माणसांमागे लूशस. एवढ्यात थर्मन आणि बर्नेथा आले. तो येणार नाही असंच सगळे धरून होते. काठी टेकत तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याच्या पुढची बाई त्याला टाळत एक खूण पुढे सरकली. मग तिच्या पुढचा माणूस.

"जागा द्या रे, जागा द्या!" लूशस ओरडला. "डीकन आलेत. आता केक वाटतील!"

रांग खदाखदा हसली. गारठलेली, कंटाळलेली माणसं, त्यांना हसायला निमित्तच हवं होतं. ओझेलाही हसली. मास्कआडून, पण खांदे हलताना दिसत होते.

बर्नेथा रांग सोडून सरळ तिच्याकडे आली. जवळ, अगदी जवळ.

"रेनिताने आधी तुला फोन केला होता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. हॉटेलातून आला त्या दिवशी मी सांगायला निघाले होते साऱ्या गावाला. त्याने मला शपथ घातली. म्हणाला, ती एकटी पडलीय, तिला धरायला काहीतरी राहू दे."

एक क्षण, फक्त एक क्षण, तिला वाटलं की मागे चालत जावं, थर्मनचा हात धरावा आणि त्याच्या शेजारी उभं राहावं. पण आजूबाजूची तोंडं तिच्याकडे वळली होती. आदराने.

"मग सांग ना," ती म्हणाली. "ही काय माणसं उभी आहेत. ओरडून सांग. बघू तरी, तुझं कोण ऐकतंय."

बर्नेथाने रांगेकडे पाहिलं. इथून तिथपर्यंत. मग बहिणीकडे पाहिलं. "आई म्हणायची, ओझेला पोटात असतानाच लाथा मारायची," ती म्हणाली आणि परत गेली.

दोघं थोडा वेळ कुजबुजले. थर्मन मान हलवत होता. त्याला थांबायचं होतं, हे लांबूनही कळत होतं. पण पुढचा माणूस आणखी एक खूण सरकला, कुणीतरी तोंडाने पिपाणी वाजवल्यासारखा आवाज काढला, आणि त्याने काठी वळवली. बर्नेथाही त्याच्याबरोबर गेली. मत न देता.

"दोन कमी झाली," लूशस म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

ओझेलाने मत दिलं. तिचा माणूस निवडून आला. गल्लीत गाड्यांचे भोंगे वाजले, फिलोमिना रस्त्यात नाचली. डिसेंबरमध्ये थर्मन आणि बर्नेथाने घर विकलं आणि ते रेनिताकडे डेट्रॉइटला निघून गेले. ओझेलाला हे घर विकल्याची दारावरची पाटी बघून कळलं.

मार्चमध्ये लस वस्तीत आली. लोक घ्यायला तयार नव्हते. "सरकारने पूर्वी आपल्या काळ्यांवर काय काय टोचून बघितलंय, विसरलात का?" म्हणत होते. रेव्हरंड मॅब्री ओझेलाकडे आले. "लोक सरकारचं ऐकणार नाहीत, सिस्टर, माझंही नाही. तुमचं ऐकतील. खरं बोलणारी बाई म्हणून नाव आहे तुमचं."

वाढदिवस झाला त्याच हॉलमध्ये टेबलं मांडली. ओझेलाने सर्वांत आधी बाही वर केली. मग माइकपुढे उभी राहिली आणि वॉर्डेलची गोष्ट सांगितली. नर्स पोरीचा फोन, डीकनचा हट्ट. तिने आता एक नवी गोष्ट घातली होती. "मी त्याला म्हटलं होतं, थर्मन, नको करू," ती म्हणाली. "हात जोडले होते मी."

हॉलमधून "आमेन" आलं. लोक उठून रांगेत उभे राहिले. त्या दुपारी एकशे चाळीस जणांनी लस घेतली, आणि पुढच्या शनिवारी शेजारच्या चर्चने तिला बोलावणं धाडलं.