शिमग्यातलं नाव

आडमाळ गावात शिमग्याला पुरुषांनी काहीही बोललं तरी चालत असे. होळी पेटली की मारुतीपुढं घोळका जमायचा, कुणाचंही नाव घेऊन दोन ओळी जुळवल्या जायच्या आणि सगळे मिळून बोंब ठोकायचे. बायका दाराआडून ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला जाब विचारायचा नाही, असा रिवाज होता.

त्या वर्षी बहिरूनं रत्नाचं नाव घेतलं.

बहिरू पोलीसपाटील कुशाबाचा पुतण्या. रत्ना ही विधवा धोंडाबाईची एकुलती लेक. थंडीत एकदा तो विहिरीवर तिला आडवा आला, तेव्हा तिनं चारचौघींसमोर त्याला झाडलं होतं. तो राग त्यानं होळीपुढं काढला.

"घागर राहिली विहिरीवर, रत्नी बसली लारीवर!"

लोक पोट धरून हसले. पावसाळ्यात धोंडाबाई तापानं फणफणली होती, तेव्हा रत्नानं तिला कोळशाच्या लारीतून पौडच्या दवाखान्यात नेलं होतं. लेक लारीत बसली हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शेजारी आई होती, हे त्या ओळीत नव्हतं.

रत्नाचं लग्न नेऱ्याला ठरलं होतं. पंधरवड्यात तिकडून निरोप आला, मुलाला इतक्यात करायचं नाही म्हणून. धोंडाबाई कुशाबाकडं गेली.

"पाटील, चावडीवर बोलवा बहिरूला. खोटं बोललो म्हणू द्या, बास."

कुशाबा सुपारी कातरत होता. "अगं, शिमगा हाय. शिमग्यात कुणाच्या तोंडाला हात लावायचा आपण? तू मनावर घेऊ नको."

"मी न्हाई घेतलं. नेरेकरांनी घेतलं."

"ते त्यांचं ते बघतील," कुशाबा म्हणाला.

श्रावणाआधी रत्नाला घाटाखाली कोलाडकडच्या एका बिजवराला दिलं. दोन लेकरांचा बाप होता. निघताना रत्ना रडली नाही. आईकडं एकदा पाहिलं आणि बैलगाडीत बसली.

मग धोंडाबाईला दुसरं कामच उरलं नाही. भात कापताना, शेण सारवताना ती ओळी जुळवत राहिली. बहिरूच्या घरात लग्नाची बहीण होती. तिचं नाव घेणं सगळ्यात सोपं होतं, पण ते चटके कुणाला बसतात हे धोंडाबाईला ठाऊक होतं. तिला बहिरूच हवा होता. लारीचा विचार करता करता तिच्या ध्यानात आलं, की खोटं चिकटायला त्यातलं अर्धं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

दारूबंदीचे दिवस होते. रानात हातभट्ट्या लागत आणि पोलीस येऊन त्या फोडत. गावातल्या निम्म्या घरांची मडकी त्यात फुटली होती. चुलत्याची कागदपत्रं घेऊन बहिरू पौडच्या चौकीवर जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. भट्टीवर बसून तो फुकटची प्यायचा, हेही माहीत होतं. तो खबऱ्या नव्हता. धोंडाबाईला तेही पक्कं माहीत होतं.

पुढच्या शिमग्याला होळी पेटली आणि धोंडाबाई पदर खोचून घोळक्यात शिरली. बाई तिथं कधी आली नव्हती. आवाज थांबले.

"रातचा पितो भट्टीवर," ती खणखणीत म्हणाली, "सकाळचा बहिरू चौकीवर!"

तोंडावर हात ठेवून तिनं एकटीनं बोंब मारली. कुणी हसलं नाही. एकेक मान बहिरूकडं वळली.

दुसऱ्या दिवसापासून बहिरूला कुणी तंबाखू दिली नाही. तो आला की पारावरचं बोलणं बंद पडे. पेरणीला त्याच्या शेतात कुणी बैल घातले नाहीत. एकदा अंधारात पाठीत दगड बसला. कुशाबानं धोंडाबाईला बोलावणं धाडलं. ती गेली नाही. शेवटी बहिरूच तिच्या दारात आला.

"काकी, तू खोटं बोललीस."

"व्हय."

"मग सांग की लोकास्नी."

"रत्नीचं खरं व्हतं का?"

"न्हाई."

"ते आधी चावडीवर सांग."

त्यानं सांगितलं. सगळ्या गावासमोर, रत्नाचं नाव घेऊन सांगितलं. लोक जमिनीकडं बघत बसले. मग ते धोंडाबाईकडं वळले. ती उठली आणि घराकडं चालू लागली.

"काकी," बहिरू मागून धावला, "मी बोललो. आता तू बोल."

"तुला बोलाया वरीस लागलं," धोंडाबाई म्हणाली. "माझी पोर तंवर दुसऱ्याची लेकरं न्हाऊ घालाया लागली. मला बी लागंल तेवढं लागंल."

दिवाळीआधी बहिरू पुण्याला निघून गेला. तो गेल्यावरही दोनदा भट्ट्या फुटल्या. खबर कोण देतं याचा विचार ज्यानं त्यानं मनात केला, तोंडानं कुणी बोललं नाही. पुढच्या शिमग्याआधी कुशाबानं पंच बसवले आणि शिमग्यात यापुढं कुणाचं नाव घ्यायचं नाही, असं ठरवून टाकलं. धोंडाबाई बायकांत मागं बसली होती.

"हे गेल्याच्या गेल्या साली का न्हाई ठरलं?" तिनं विचारलं.

पंचांनी पुढचा विषय घेतला.

रत्ना त्यानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा शेजारणीनं तिला सगळं सांगितलं. संध्याकाळी ती चुलीपुढं आईजवळ येऊन बसली. हात खरबरीत झाले होते.

"बहिरूची आई वाटंत भेटली," ती म्हणाली. "रडत व्हती. तुला सांग म्हणाली, आता तरी बोल म्हणून."

"तुला काय वाटतं?"

रत्नानं लाकूड आत सारलं.

"तो चावडीवर बोलला तवा मला बोलवायला पायजे व्हतंस, आये," ती म्हणाली. "मला ऐकायचं व्हतं."

धोंडाबाईनं भाकरी उलटली. बहिरूच्या आईला निरोप गेला नाही.