न्हाणीघराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे. हल्ली एका सुताराच्या अवजारांच्या खोक्यात, लाकडाच्या भुशावर पडून असते. इथे जाग आणि झोप यांतला फरकच कळत नाही. सगळं धुक्यातून दिसावं तसं आठवत राहतं.

सुताराने मला हौसेने निवडून आणलं आणि स्वतःच्या घरातल्या न्हाणीघराच्या दाराला आतून बसवलं. माझ्या भरवशावर सगळं घर निर्धास्त अंघोळ करी.

पुढे एका छपराचं काम करताना सुतार खाली पडला. डोक्याला जबर मार बसला. त्यातून तो सावरला; पण वर्षभराने जेवता जेवता त्याला पहिली आकडी आली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या जुन्या जखमेमुळे हे होतंय. गोळ्या चुकवू नका, उंचावर चढू नका. आणि न्हाणीघराला आतून कडी लावू नका."

गोळ्या त्याने घेतल्या. कडी मात्र लावलीच. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

एका सकाळी आत धप्पकन आवाज झाला. बायको दार ठोठावत होती आणि मी घट्ट धरून होते. मित्रांनो, त्या दिवशी मी माझं काम चोख केलं आणि तेच चुकलं. तिने पटाशीने दार उचकटलं, तेव्हा कुठे मी वाकले. शेजारीण चमचा घेऊन धावली.

"तोंडात काही घालायचं नाही," असं म्हणत बायकोने नवऱ्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला आणि घड्याळ बघत बसली. दोन मिनिटांनी तो शांत झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच माझे स्क्रू काढले. मान खाली घालून म्हणाला, "आता कोणीही येईल आत."

"गात जा," बायको म्हणाली. "गाणं चालू असेपर्यंत कोणी फिरकणार नाही."

"माझा आवाज ऐकलायस ना?"

"लग्नाआधी ऐकायला हवा होता."

तेव्हापासून रोज सकाळी ते बेसूर गाणं भिंतीतून झिरपत माझ्यापर्यंत येतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या, आकड्या विरळ झाल्या. मध्यंतरी एकदा गाणं अचानक तुटलं. घर जागच्या जागी थिजलं. बायकोने दारावर टकटक केली.

"अहो?"

आतून आवाज आला, "पुढची ओळ आठवेना."

तिने दाराबाहेरूनच ती ओळ सांगितली. थोडी गाऊनच.

मित्रांनो, मला आता परत कोणी बसवणार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? एवढंच मागते: ज्या दाराला कडी नाही, त्यावरही आधी टकटक करा.