सूनबाईंच्या लॅपटॉपची घरघर

अकरावा स्क्रू सुटला तसा बाबांनी तो चिमट्याने उचलला आणि कागदावर काढलेल्या घड्याळाच्या तबकडीवर अकराच्या आकड्यापाशी ठेवला. चिमटा हलत होता. मनगट टेबलाच्या कडेला घट्ट टेकवलं की हलणं निम्म्याने कमी होतं, हे त्यांनी पहिल्या दोन-तीन स्क्रूंतच ताडलं होतं. सुनेचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून ते मधेमधे उगाच खोकत होते.

"बाबा, ही तबकडी कशाला?" टॉर्च धरून उभ्या असलेल्या सुनेने विचारलं.

"घड्याळ उघडलं की जे निघेल ते आकड्यावर ठेवायचं. एक, दोन, तीन. लावताना उलटं मागे यायचं. चाळीस वर्षांत एक स्क्रू शिल्लक राहिला नाही माझ्याकडे."

"हे घड्याळ नाही, लॅपटॉप आहे, एवढं लक्षात आहे ना?"

"आत चाक फिरतं ना? मग आमच्याच भावकीतलं."

सून हसली, पण जीव मुठीत धरूनच. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम तिला मिळता मिळता राहत होतं. नमुन्याचा धडा तिने तीनदा पाठवला आणि तीनदा तो परत आला. आवाज छान, वाचन छान, पण मागे घरघर. दुसरं पान उलटलं की लॅपटॉपचा पंखा जो सुरू व्हायचा तो थांबायचं नावच घ्यायचा नाही. तिने डोक्यावरून पांघरूण घेऊन वाचलं, कपाटात तोंड घालून वाचलं, घरघर काही हटली नाही. आज दुपारी चारपर्यंत स्वच्छ धडा गेला नाही, तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. मुलगा म्हणाला होता, पुढच्या वर्षी नवीन घेऊ. पुढच्या वर्षीचं काय घेऊन बसलात, असं सून म्हणाली नव्हती. नुसती भांडी जरा जोरात ठेवली होती.

सकाळच्या चहाला बाबांच्या तोंडून निघून गेलं, "बघू का मी?" नको बाबा, राहू द्या, असंच उत्तर येणार याची त्यांना खात्री होती. ती उठली आणि लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर ठेवला. झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन वर्षं त्यांनी चिमट्याला हात लावला नव्हता. हल्ली घड्याळं घालतंय कोण, सगळे फोनमध्ये बघतात, असं सांगून त्यांनी दुकानाचं शटर ओढलं होतं आणि लोकांनाही ते पटलं होतं. खरं कारण एक नाजूक लेडीज घड्याळ होतं. हाताला एक झटका बसला आणि केसाएवढी स्प्रिंग वाकडी झाली. समोर उभ्या असलेल्या बाईंनी बिचाऱ्यांनी काही म्हटलं नाही, उलट असू द्या म्हणाल्या. ते 'असू द्या' बाबांना फार लागलं. घरात त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

झाकण निघालं. पंख्याची एक बारीक वायर होती, तिचं टोक बाबांनी नखाने उपसून बाजूला सारलं आणि पंखा बाहेर काढला. पात्यांमागे धुळीची गोधडीसारखी जाड घडी बसली होती.

"अगंबाई, हे सगळं आत होतं?"

"एवढं नाकात घालून तूही घोरली असतीस."

त्यांनी ब्रशने पातं न् पातं साफ केलं, सुईच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेऊन आसावर सोडला. त्या थेंबाच्या वेळी त्यांनी श्वासच रोखला होता. मग पंखा जागेवर बसवून, झाकण लावून, अकरापासून उलटं मागे येत त्यांनी एकेक स्क्रू लावला. तबकडी रिकामी झाली. लॅपटॉप सुरू केला, पाच मिनिटं वाट पाहिली. हूं की चूं नाही.

"बाबा!" सून टाळ्या वाजवत म्हणाली. "कमाल केलीत तुम्ही! मी लागते वाचायला."

बाबा चप्पल घालून बाहेर पडले ते थेट समोरच्या न्हाव्याकडे. पायांना पंख फुटल्यासारखं झालं होतं. न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करत होता. त्याला आणि गिऱ्हाइकालाही त्यांनी सगळी हकिगत दोनदा ऐकवली. "लॅपटॉप काय, घड्याळ काय, हात बसलेला असला की झालं," असंही वर म्हणून घेतलं.

तासाभराने ते घरी आले. सुनेच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून तिचा गोड, ठाशीव आवाज येत होता. एक परिच्छेद झाला की मात्र ती थांबायची आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग पुन्हा वाचन, पुन्हा शांतता. असं का, म्हणून बाबांनी फटीतून डोकावलं.

लॅपटॉप दोन पालथ्या वाट्यांवर ठेवला होता. खाली थाळीत बर्फ. सून वहीने त्याला वारा घालत होती आणि मधूनच पाठीला बोट लावून बघत होती. एकदा बोट लावलं आणि चटकन तोंडात घातलं.

बाबांचं तोंड उतरलं. पंखा गप्प झाला नव्हता, तो फिरतच नव्हता. घड्याळात वायर नसते. घड्याळातून निघालेलं सगळं तबकडीवर येतं, आणि ती वायर तर सुटी निघालीच नव्हती, पंख्याला नुसती लोंबकळत राहिली होती. तिला कुठला आकडा मिळणार? ते पावलं न वाजवता खुर्चीत येऊन बसले. आत ती वाचत होती, थांबत होती, वारा घालत होती. आपल्या एका शब्दाने तिचं काम मोडेल, म्हणून ते खुर्चीतून हलले नाहीत.

चारला दहा मिनिटं कमी असताना सून बाहेर आली, घामाने निथळलेली. "पाठवला!" आणि चहा होईतो उत्तरही आलं. घरघर नाही, पुस्तक तुमचंच, पुढचे धडे पाठवा.

"तुमच्यामुळे, बाबा," ती कप पुढे करत म्हणाली. मग म्हणाली, "आत्ता वेळ आहे का तुम्हाला? पुन्हा एकदा उघडायचाय. मला शिकवा ना. सकाळी नुसती टॉर्च धरून उभी होते, काही कळलं नाही."

किती सफाईने खोटं बोलत होती पोर! बोट अजून लाल होतं. उघडायचं, बोलता बोलता वायर खोचायची, बंद करायचं. कुणाला काही कळणार नव्हतं. बाबांना तिची इतकी माया आली, की त्यांनी भरला कप तसाच बाजूला सारला.

त्यांनी नव्या कागदावर तबकडी काढली आणि स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

"स्क्रू तू काढ."

"मी? मी बिघडवून ठेवीन."

"बिघडवायचं ते मी बिघडवून झालंय. वायर जोडायची राहिली माझ्याकडून. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे." त्यांनी उजवा हात टेबलावर उघडा ठेवला, मनगट कुठेही न टेकवता. "आणि हा थरथरतो. दुकान त्यापायीच बंद केलं. घड्याळं कुणी घालत नाही, ही सगळी थाप."

सून त्या हाताकडे जरा झुकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ह्यांना सांगितलंत?"

"नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

तिने पदराने डोळे पुसले, खुर्ची त्यांच्या अगदी जवळ ओढली आणि पहिल्या स्क्रूवर जोर लावला.

"आवळतेस कशाला, सूनबाई?" बाबा म्हणाले. "डावीकडे फिरव. सावकाश. मी आहे इथे."