कालव्यातलं पोतं

"इख घातलंस आमच्या पोरांना! इख!"

आमची आई इन्साफ भर गल्लीत ओरडत होती. नबविय्या खाला आपल्या दारात ओल्या हातांनी उभी होती.

"इन्साफ, अगं मी अजून इकायला काढलंच न्हाई. पोतं पाण्यातच हाय."

"मग पोरं काय माती खाऊन ओकत्यात व्हय?"

माझा भाऊ रागब आणि शेजारची दोन पोरं दुपारपासून ओकत होती. तोंडं कोरडी पडलेली, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या.

खाला तुर्मुस विकायची. वालासारखे चपटे, पिवळे दाणे. मीठ-जिरं लावून लिंबू पिळलेले. चिमटीत दाबले की सालीतून निसटून थेट जिभेवर. पण कच्चा तुर्मुस कडूजहर. म्हणून ती दाणे उकडून पोत्यात भरायची आणि कालव्याकाठच्या झाडाच्या मुळीला बांधून पाण्यात सोडायची. वाहतं पाणी कडूपणा घेऊन जायचं. शाळेतून येताना आम्ही पोरं त्यातली मूठभर पळवायचो. खालाला ते ठाऊक होतं. ती पोत्याचं तोंड मुद्दाम सैल बांधायची.

त्या वर्षी हाजी मुतवल्लीनं वरच्या अंगाला मासे पाळायला तळी खणली आणि कालव्याच्या तोंडावर फळ्या ठोकल्या. खाली उरला काळा चिखल आणि हिरवं, साचलेलं पाणी. पोरांनी सवयीनं मूठ भरली, दाणा कडू लागला. "जो थुकंल ती पोरगी!" असं कुणीतरी म्हणालं आणि तिघांनीही मुठी रिचवल्या.

हे रागबनं संध्याकाळी स्वतः आईला सांगितलं, माझ्यासमोर. आईनं ऐकलं, त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. आणि सकाळी भट्टीवर रोट्या थापताना बायकांना म्हणाली, "त्या बाईनंच केलं."

सगळ्यांना खरं माहीत होतं. पण आमचे बाप हाजीच्या रानात राबत होते. हाजीचं नाव घ्यायला कुणाची जीभ उचलत नव्हती. विधवा खालाच्या दारावर शेण फेकायला मात्र हात उचलले.

शुक्रवारी नमाजानंतर गावातले बाप्ये हाजीच्या बैठकीत चहा पीत होते. धुळीचा वारा सुटला होता. खाला डोक्यावर त्याच पोत्यातल्या तुर्मुसाचं ताट घेऊन आली. मी बापाला बोलवायला गेले होते, ती उंबऱ्यातच थांबले.

"हाजी, शेजारणीचा घास हाय. खावा."

आमच्याकडे दारी आलेलं ताट कुणी परतवत नाही, आणि पहिला घास यजमानाचा. हाजीनं दाणा तोंडात टाकला. त्याचा गाल थरथरला. इतक्या माणसांत थुंकणार कुठं? त्यानं गिळला.

"कसं झालंय?" खालानं विचारलं.

"ब... बरं झालंय. देव तुझ्या हाताला बरकत देवो."

"मग आनखी घ्या की. तुमच्याच पान्यात मुरलंय." तिनं मूठभर दाणे त्याच्या तळहातावर ओतले आणि बाकीच्यांकडे वळली. "आन तुम्ही वं? हाजी बरं म्हनत्यात आन तुमचे हात का गारठले? घरी बायकांना सांगता, नबविय्यानं इख घातलं. बघा तरी खाऊन, कुनी घातलं त्ये!"

कुणी हात पुढं केला नाही. माझा बाप कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"ताट राहू द्या," खाला म्हणाली. "उद्या मोकळं न्यायला येईन."

दिवस मावळायच्या आत फळ्या निघाल्या. चिखलावरून पाणी सरसरत आलं आणि सगळा गाव काठावर जमला. "हाजीनं पानी सोडलं! दिलदार मानूस!" लोक म्हणत होते. आमचा बाप सगळ्यांत मोठ्यानं. आजही आठवलं की माझ्या दाढा आवळतात.

वसंताच्या सणाला खालाचा तुर्मुस तयार झाला, वाहत्या पाण्यात कडूपणा गेलेला. ती टोपली घेऊन आमच्या गल्लीतून गेली, पण हाळी दिली नाही. तशीच चालत पुढच्या गावाच्या वाटेला लागली. आईनं माझ्या हातात वाडगा दिला. "जा, पळ. घिऊन ये."

मी तिला पुलावर गाठलं. खालानं वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या केसांवरून हात फिरवला.

"आईला म्हनावं, तूच ये."

मी तसं सांगितलं. आईनं माझ्या हातातला वाडगा घेतला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. ती गेली नाही. आमच्या गल्लीतलं कुणीच गेलं नाही.