भार्गवीच्या तक्त्यातला एक तास

दीना मावशी वाकरूळकर मूळच्या अलिबागकडच्या. बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, त्यामुळे मराठी आपल्यापेक्षा झणझणीत! नवऱ्याच्या नोकरीमुळे हॉलंडातल्या आम्स्टलफेनला आल्या, नवरा गेला, मावशी राहिल्या. आणि दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर आली पुण्याची भार्गवी. प्रोग्रामर. मावशींच्या हातचं माशाचं कालवण खाऊन ती इतकी खूश झाली, की तिला काहीतरी परतफेड करायचीच होती.

तर मावशी दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या अठरा मिनिटं आधी शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावतात. एकदा सूर्य बुडाला की शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत काडी ओढायची नाही, गाडीत बसायचं नाही. आता सूर्य रोज वेगळ्या वेळी मावळणार. सिनेगॉगच्या पुस्तिकेतली अक्षरं मुंगीएवढी, मावशींना दिसायची नाहीत. मग भार्गवीने काय केलं, एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि वर्षभराचा तक्ता काढून दिला, हे एवढ्या मोठ्या अक्षरात! मावशींनी तो फ्रिजवर लावला, पुस्तिका रद्दीत टाकली. उन्हाळाभर तक्ता मिनिटाला मिनिट बरोबर. सिनेगॉगमध्ये मावशी सांगत फिरायच्या, "माझी भार्गवी रब्बीपेक्षा हुशार."

ऑक्टोबरात मावशींना न्युमोनिया झाला. तीन आठवडे हॉस्पिटलात. तीन शब्बाथ तिथे गेले, मेणबत्तीऐवजी उशाशी विजेचा दिवा. मावशी म्हणाल्या, "चौथा घरी. एलियाहू हन्नबीला मलिदा बोललेय मी." एलियाहू हन्नबी म्हणजे रथातून स्वर्गात गेलेले त्यांचे प्रेषित, आणि मलिदा म्हणजे नवसाचा प्रसाद, आभार मानायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं.

डॉक्टरांनी चार नोव्हेंबर दिला. शुक्रवार. भार्गवीने तक्ता बघितला, दिवे पाच अठ्ठेचाळीस. वा! टॅक्सी पावणेपाचची सांगितली. सामानासाठी शेजाऱ्यांची बाकफीट्स मागून आणली, ती पुढे लाकडी खोकं असलेली सायकल. आणि हॉस्पिटलात मावशींजवळ निवांत कॉफी घेत बसली.

चार वीस झाले. मावशी खिडकीत बसून एकदम म्हणाल्या, "भार्गवी, हे ऊन बघ गं."

"छान पडलंय ना?"

"छान कसलं! सायकली ठेवतात तिथे आलंय ते. तीन आठवडे याच खिडकीत बसलेय मी. तिथे आल्यावर तास-दीड तासाच्या वर टिकत नाही, आणि आल्याला अर्धा तास झाला. दिवे कितीला म्हणालीस?"

"पाच अठ्ठेचाळीस."

"कुठलं पाच अठ्ठेचाळीस!"

आणि भार्गवीला एकदम आठवलं. गेल्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली होती, तिकडे दर हिवाळ्याआधी करतात तशी! मोबाइल आपला आपण बदलला, ऑफिसचा कॉम्प्युटर बदलला, तिने मस्त एक तास जास्त झोप काढली, मैत्रिणीला फोन करून फुशारकीही मारली. पण तक्ता? तो एप्रिलमध्ये काढलेला, वर्षभर उन्हाळ्याचीच वेळ धरून! एक ओळ लिहायची राहिली होती. दिवे चार अठ्ठेचाळीसला, सूर्य पाच सहाला.

टॅक्सीवाल्याला फोन केला. शुक्रवार संध्याकाळ, आधी येणं जमणार नाही म्हणाला. पावणेपाचला टॅक्सी आली तरी वाटेतल्या गर्दीतून सूर्यास्तापूर्वी घर गाठेलच असं नाही. चालायला मावशींच्या पायात बळ नाही. भार्गवीचे डोळे भरले. "मावशी, माझ्यामुळे आता चौथाही…"

"रडतेस काय, बये! खाली ते खोकं कशाला आणलंयस?"

"त्यात सामान..."

"सामान राहू दे. मी बसते."

नर्स हसली, पण तिने दोन ब्लँकेटं दिली, मावशींच्या डोक्याला लोकरी टोपी घातली, धरून खोक्यात बसवलं. निघाल्या तेव्हा चार पस्तीस. आणि वारा कुठून? समोरून! हॉलंडात वारा दुसरीकडून येतो का कधी? भार्गवी उभी राहून पायडल मारतेय, मागून शाळेतली पोरं घंटी वाजवत पुढे जातायत, आणि मावशी खोक्यातून, "उजवीकडनं घे! घाबरतेस काय, हाण!"

कालव्यावरच्या पुलाचा चढ काही केल्या चढेना. भार्गवी उतरली, ढकलायला लागली. वर पोचल्यावर छपरांच्या वर सूर्य दिसला. मावशींनी हात लांब करून सूर्य आणि छपरांच्या मध्ये बोटं धरली, किती वेळ उरलाय ते मोजायला. "एक बोट आहे अजून. चल!" आणि उतारावर असल्या सुटल्या म्हणता, की मावशी चक्क ओरडल्या, आनंदाने!

दारात पाच वाजून एक मिनिट. मावशींनी चौकटीवरच्या मझुझाला, म्हणजे आत धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या डबीला, हात लावून बोटं ओठांना लावली. दिवे भार्गवीने सकाळीच तेल घालून तयार ठेवले होते, तेवढं एक बरं केलं होतं. पहिली काडी विझली. दुसरी पेटली. मावशींनी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून पुटपुटल्या, आणि हात काढले तेव्हा गाल ओले होते. भार्गवी पाठीशी उभी होती, धापा टाकत. आपण देवाचे किती आभार मानतोय हे तिचं तिलाच कळेना.

शनिवारी रात्री चांदण्या दिसल्या आणि भार्गवी पोहे भिजवायला खाली आली. आधी फ्रिजकडे गेली, तक्ता फाडायला.

"हात लावू नकोस," मावशी म्हणाल्या. "पेन आण."

"नवीन काढून देते ना, बरोबर."

"काढ की. पण हा राहू दे. आमच्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात खडकावर. माझ्या रथाची खूण नको का कुठे?"

मग त्यांनी चार नोव्हेंबरसमोर जाड अक्षरात लिहिलं, 'एक तास वजा. खोक्यातून आले.' आणि मलिद्याची पहिली मूठ, खोबरं जास्त घालून, भार्गवीच्या हातावर ठेवली.