रंग उडालेला ओढा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेचं मोठं भांडं, भांड्यात ओढ्याचं जांभळं-काळं पाणी आणि मागे कापड रंगवणाऱ्या कंपनीचा पर्यावरण अधिकारी. गळ्यात हिरवा पट्टा, हातात हिरवी बाटली, जिभेवर मध.

"मित्रांनो, हे औषध नाही! या बाटलीत कोट्यवधी जीवाणू ध्यानाला बसलेत. पाण्यात उतरले की जागे होतात आणि विष गट्ट करतात. ओढा आजारी आहे. आजाऱ्याला काय हवं? विश्वास!"

त्यानं बाटली उपडी केली. लिंबाचा वास दरवळला. पाणी गुलाबी झालं, मग पिवळट, आणि बघता बघता भांड्यापलीकडच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता यावीत इतकं नितळ. टाळ्यांनी छत उडायचंच बाकी राहिलं.

मंचावर, तसाच पट्टा घालून, ओढा बचाव संस्थेचा प्रमुख डोळे पुसत होता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्वचारोगाच्या डॉक्टरचा हा थोरला भाऊ. अर्धं आयुष्य तो कंपनीच्या दारात फलक धरून उभा राहिला होता. आता कंपनीनंच त्याच्याशी भागीदारी केली होती आणि काठच्या वस्तीजवळ रोज या द्रवाची पिंपं ओढ्यात ओतली जात होती. तिथलं पाणी खरोखरच नितळ दिसू लागलं होतं.

बहिणीनं आनंदानं नाचायला हवं होतं. पण तिला धड बसवेना. लिंबाच्या आड दुसराच एक वास नाकाला झोंबत होता. ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वस्तीतली एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीच्या पोटऱ्या सोलल्यासारख्या लाल झाल्या होत्या.

"मलम लावत नाही का?"

"बंद केलं, डॉक्टर. ओढाच बरा झाला, मग मलम कशाला? रोज तिथंच अंघोळ घालते."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाई चकित झाली. "म्हणजे काय? तुमच्याच भावानं!"

तेवढ्यात सफाईच्या मावशींनी फरशी पुसायला बादलीत ब्लीच ओतलं आणि डॉक्टर ताडकन उठली. तोच वास, फक्त लिंबू वजा!

ती तडक भावाच्या कार्यालयात गेली.

"दादा, त्या बाटलीत काय आहे?"

"जीवाणू. ऐकलंस की."

"तपासलेत?"

"करारात तशी परवानगी नाही. व्यापारी गुपित आहे ते."

"अरे, विष खाणाऱ्या जीवाणूंना दिवसचे दिवस लागतात. हे पाच मिनिटांत जेवून हात धुऊन मोकळे?"

भाऊ उसळला. "एवढी वर्षं घसा फोडला तेव्हा काळं कुत्रं फिरकलं नाही. आता सभागृह भरतंय. आणि तुला खुसपट काढायचं आहे?"

"मला त्या पोरीच्या पोटऱ्या दिसतात, दादा. तू येऊन बघ. मग मला शिव्या दे."

तो आला नाही. निदान तिला तरी तसं वाटलं.

पुढच्या प्रयोगाला ती पिशवीत ब्लीचची बाटली घेऊन गेली. अधिकाऱ्याचं भाषण ध्यानाला बसलेल्या जीवाणूंपर्यंत येताच ती मंचावर चढली. तिथल्या बादलीतलं ओढ्याचं पाणी तिनं एका बरणीत घेतलं आणि त्यात बाटली ओतली. जांभळं, गुलाबी, पिवळट, नितळ! टाळ्या पडल्या.

"थांबा, टाळ्या नकोत," ती म्हणाली. "हे मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलंय. याला कपडे पांढरे करायचं पाणी म्हणतात."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अधिकारी हसला. "डॉक्टर, रंग कशानंही जाईल. आमचे जीवाणू वेगळे."

"मग तुमची बाटली उघडा."

"ते करारात बसत नाही."

तेव्हा भाऊ उठला. गळ्यातला हिरवा सुती पट्टा काढून त्यानं अधिकाऱ्याच्या हातातल्या बाटलीतला द्रव त्यावर ओतला. सगळे माना उंचावून पाहत राहिले. पट्ट्यावर आधी पिवळा डाग पडला, मग पांढरा फटक.

"जीवाणू पट्टा धूत नाहीत," भाऊ म्हणाला. "मी काल त्या पोरीला बघून आलो. चूक माझी. न तपासता मी माझं नाव या बाटलीला दिलं."

अधिकारी मागच्या दारानं कधी सटकला, कुणाला कळलंही नाही. पण सगळेच काही खूश नव्हते. "चांगलं चाललेलं मोडलं!" एकजण ओरडला. त्यालाच डॉक्टरनं उत्तर दिलं.

"काय चांगलं चाललं होतं? रंगाचे कण मोडले की रंग दिसत नाही, एवढंच. त्यातले धातू पाण्यातच राहतात, आणि ब्लीचनं नवं विष तयार होतं ते वेगळंच. काळ्या पाण्याची निदान भीती तरी वाटायची! पाणी साफ करायचं तर कंपनीच्या आत, नळीतून बाहेर पडण्याआधी. त्याला यंत्रं लागतात, खर्च येतो. बाटली स्वस्त पडते."

करार मोडला. संस्थेचं कार्यालय छोट्या खोलीत गेलं, कार्यकर्ते निम्म्यावर आले. पण आता भाऊ कंपनीशी बोलायला जातो तो एकच अट घेऊन: पाण्याचा नमुना आम्ही घेणार, ना तुमच्या ना आमच्या, तिसऱ्याच प्रयोगशाळेत तपासणार, आणि निकाल चौकात लावणार. कंपनी अजून हो म्हणालेली नाही. पोरीची आई दूरच्या नळावरून पाणी आणते. पोरीच्या पोटऱ्या हळूहळू बऱ्या होताहेत.

भागीदारी वाईट नसते. पण हात मिळवताना डोळे मिटायचे नसतात. कुणी नितळ पाणी दाखवलं तर आधी विचारा: गेलं काय, आणि राहिलं काय?